सात मीटर अंतरासाठी बॅलन्स्ड केबल कोणती घ्यावी? उन्हाळ्यात वाढणाऱ्या घुमण्यासह

प्रश्न
काळी_एक, अंबाजोगाई

सप्रेम नमस्कार.

मी गणिताचा निवृत्त शिक्षक आहे. घरी बसून हिंदुस्थानी कंठसंगीत ऐकणे हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ असून, त्यासाठी हळूहळू जमवलेल्या स्टिरिओ यंत्रणेतील एक महत्त्वाची केबल आता बदलावी लागेल, अशा निष्कर्षाला मी आलो आहे. नवी केबल बॅलन्स्ड (दोन संकेततारा आणि वेगळी जाळी असलेली) घ्यावी हे जवळपास ठरले आहे. परंतु ती कोणती घ्यावी आणि तिच्यावर किती खर्च करणे योग्य होईल, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

घराची रचना आधी सांगतो, कारण अडचणीचा संबंध तिच्याशी असावा असे मला वाटते. आमचे जुने घर माळवदाचे आहे आणि त्याला लागून सहा वर्षांपूर्वी स्लॅबची नवी बैठक बांधली. दोन्हींच्या मधल्या जाड भिंतीत जुने कपाट आहे. सीडी प्लेअर, कॅसेट डेक आणि प्रीअँप (आवाज कमी-जास्त करणारे यंत्र) त्या कपाटात ठेवले असून त्यांची वीज जुन्या घराच्या बोर्डावरून येते. पॉवर अँप (स्पीकर चालवणारे यंत्र) आणि स्पीकर बैठकीच्या पलीकडच्या टोकाला आहेत आणि त्यांची वीज नव्या बोर्डावरून येते. भिंतीच्या कडेने मोजले तर प्रीअँप ते पॉवर अँप हे अंतर सात मीटर भरते आणि सध्या तेथे तेवढ्याच लांबीची साधी आरसीए केबल आहे. दोन्ही यंत्रांना मागच्या बाजूस बॅलन्स्ड जोडणीची तीन पिनांची एक्सएलआर सोयही आहे, मात्र मी ती आजवर वापरलेली नाही.

अडचण घुमण्याची आहे. यंत्रणा सुरू केली की स्पीकरमधून एक खालचा अखंड सूर येत राहतो आणि प्रीअँपची कळ शून्यावर आणली तरी तो कमी होत नाही. मोबाइलवरील स्वरमापकाने पाहिले असता ५०, १५० आणि २५० हर्ट्झ अशा तीन ठिकाणी शिखरे दिसली. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे उगम उघड आहे, पण मला खरा त्रास होतो तो तिच्या विषम पटींचा. काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज १३८.६ हर्ट्झच्या आसपास असतो. त्या हिशेबाने १५० हर्ट्झचा स्वर कोमल ऋषभाच्या किंचित वर येतो आणि २५० हर्ट्झचा स्वर जवळजवळ कोमल निषादावरच बसतो. यमनाचा विलंबित ख्याल सुरू आहे, तानपुरा भरून वाजतो आहे आणि या रागात ज्यांना जागाच नाही असे दोन स्वर मागे सतत लागून राहिले आहेत, अशी ही स्थिती आहे. ज्याने यमन मन लावून ऐकला आहे त्याला हे किती बोचत असेल याची कल्पना येईल.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. हे घुमणे वर्षभर सारखे नसते. होळीनंतर ते वाढू लागते, वैशाखात असह्य होते आणि मृगाचा चांगला पाऊस पडून गेला की आठ-पंधरा दिवसांत पुष्कळ उतरते. आरंभी मला हा भास वाटला, म्हणून सलग दोन वर्षे वहीत नोंदी ठेवल्या. तो भास नाही.

आमच्या वायरमनने पॉवर अँपच्या प्लगमधील अर्थिंगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला होता. तसे करून पाहिल्यावर आवाज थांबला हे खरे, पण मनाला ते पटले नाही, म्हणून त्याच दिवशी पिन पुन्हा बसवून घेतली. नंतर एका मोठ्या शहरातील दुकानात चौकशी केली असता चांदीचा मुलामा दिलेल्या चार तारांची, दिशा दाखवणारे बाण छापलेली बॅलन्स्ड केबल सुचवण्यात आली. सात मीटरच्या जोडीची किंमत २८,००० रुपये सांगितली गेली. माझ्या निवृत्तिवेतनाला ही रक्कम लहान नाही. तथापि त्याने यमन स्वच्छ ऐकू येणार असेल तर मी ती खर्च करीन. म्हणून तीन गोष्टी विचारतो. बॅलन्स्ड केबलने हे घुमणे खरोखर जाईल का? चांदी, बाण आणि चार तारांची रचना या गोष्टींना किती अर्थ आहे? आणि केबल घेण्यापूर्वी मी कोणती तपासणी करून घ्यावी?

उत्तर
तारजोड, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार सर.

मी गेली बावीस वर्षे ध्वनिव्यवस्थेचे काम करतो. त्यात उत्सवांचे मंडप आहेत, कीर्तने आहेत आणि शास्त्रीय संगीताच्या बैठकीही आहेत. आम्ही ज्याला रोजच्या बोलण्यात कॅनन पिन म्हणतो तीच आपली एक्सएलआर. मंचापासून मिक्सरपर्यंत साठ-सत्तर मीटर केबल जनरेटरच्या आणि दिव्यांच्या तारांशेजारून जाते आणि तरीही गायकाचा श्वास स्वच्छ पोहोचतो, तो याच पद्धतीमुळे. त्यामुळे सात मीटरसाठी बॅलन्स्ड जोडणी करण्याचा आपला निर्णय योग्य आहे, हे प्रथम सांगतो. मात्र त्यासाठी २८,००० रुपये खर्च करण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

घुमणे कसे शिरते ते आधी पाहू. आरसीए केबलमध्ये मधली तार संकेत नेते आणि बाहेरची जाळी दोन कामे करते: ती कवच असते आणि संकेताच्या परतीचा मार्गही तीच असते. दोन्ही यंत्रांच्या अर्थिंगमध्ये थोडा जरी विद्युतदाबाचा फरक असला, तरी तो फरक भरून काढणारा प्रवाह या जाळीतून वाहू लागतो. सात मीटरच्या साध्या केबलच्या जाळीचा रोध ०.२ ओहम आहे आणि तिच्यातून ५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आहे असे धरा. मग जाळीच्या दोन टोकांत १ मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि तो थेट संकेतात मिसळतो. पॉवर अँप संकेत २८ पट वाढवत असेल, तर स्पीकरवर २८ मिलिव्होल्ट पोहोचतात. २.८३ व्होल्टला एक मीटरवर ८८ डेसिबल देणारा सर्वसाधारण स्पीकर एवढ्यावर सुमारे ४८ डेसिबल आवाज काढतो, आणि रात्रीच्या शांत खोलीत एवढा आवाज सहज कानावर येतो. आपण कळ शून्यावर आणूनही घुमणे तेवढेच राहते, कारण ते कळीच्या पुढे, याच सात मीटरमध्ये शिरत आहे. आपले हे निरीक्षण फार मोलाचे आहे.

बॅलन्स्ड केबलमध्ये संकेतासाठी एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा असतात आणि जाळी वेगळी असते. एक्सएलआरच्या पिन १ ला जाळी, पिन २ ला सुलटा संकेत आणि पिन ३ ला उलटा संकेत जोडतात. घेणारे यंत्र पिन २ आणि पिन ३ यांच्यातील फरक तेवढा घेते, आणि दोन्ही तारांवर सारखेच आलेले घुमणे त्या वजाबाकीत निघून जाते. तारा पिळण्याची युक्ती टेलिफोनच्या आरंभकाळातील असून ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये तिचे पेटंट घेतले होते.

येथे एक गैरसमज दूर करतो, कारण केबल निवडण्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. पुष्कळांना वाटते की दोन तारांवर समान आणि विरुद्ध संकेत असतो म्हणून घुमणे नाहीसे होते. वस्तुतः उलट्या संकेताची त्यासाठी गरजच नसते. दोन्ही तारांचा जमिनीच्या तुलनेत असलेला अवरोध (इम्पीडन्स) सारखा असणे, हे बॅलन्स्ड या शब्दाचे खरे मर्म आहे. आपण गणिताचे शिक्षक आहात, तेव्हा व्हीटस्टोन सेतू, म्हणजे रोध मोजण्याचे चार भुजांचे मंडल (सर्किट), डोळ्यांसमोर आणा. चारही भुजांचे प्रमाण जुळले की मधल्या गॅल्व्हनोमीटरला काहीच कळत नाही, तसेच हे आहे. या चार भुजांपैकी दोन देणाऱ्या यंत्रात असतात आणि दोन घेणाऱ्या यंत्रात. केबल त्यांना जोडते एवढेच. म्हणून घुमणे किती कमी होईल हे मुख्यतः आपल्या प्रीअँपवर आणि पॉवर अँपवर अवलंबून आहे, तारेच्या धातूवर नाही. घेणाऱ्या मंडलातील रोध १ टक्का अचूकतेचे असतील आणि त्यांतील चुका वाईटात वाईट रीतीने जुळून आल्या, तर घुमणे केवळ ५० पट कमी होते. काळजीपूर्वक घडवलेल्या यंत्रात तेच हजार पट किंवा त्याहूनही अधिक कमी होते.

चांदीविषयी: तांब्यापेक्षा तिची वाहकता जेमतेम पाच-सहा टक्क्यांनी अधिक आहे. हजारो ओहम अवरोधाच्या इनपुटला जाणाऱ्या तारेचा रोध एवढ्याने कमी झाला काय आणि न झाला काय, ऐकण्यात फरक पडत नाही. बाणांविषयी: बॅलन्स्ड केबलची दिशा तिच्या पिनाच ठरवतात. छिद्रांचे टोक देणाऱ्या यंत्राला आणि पिनांचे टोक घेणाऱ्या यंत्राला लागते, ते उलटे बसतच नाही. केबलच्या धारितेचीही (कपॅसिटन्सचीही) चिंता नको. मीटरला १०० पिकोफॅरड धरले तर सात मीटरला ७०० होतात आणि प्रीअँपचा आउटपुट अवरोध १०० ओहम असेल, तर त्यामुळे होणारी घट २० लाख हर्ट्झच्याही पुढे सुरू होते. आपले कान २० हजारांवर थांबतात. प्रीअँप व्हॉल्व्हचा असेल आणि त्याचा अवरोध काही हजार ओहम असेल, तरच हा हिशेब पुन्हा करावा लागेल.

चार तारांची रचना, जिला स्टार-क्वाड म्हणतात, तिला मात्र खरा अर्थ आहे. तीत चार तारा एकत्र पिळून समोरासमोरच्या दोन-दोन जोडतात. त्यामुळे जवळच्या ट्रान्सफॉर्मरच्या किंवा विजेच्या तारांच्या चुंबकीय क्षेत्राचा परिणाम साध्या दोन तारांच्या केबलपेक्षा पुष्कळ कमी होतो. तिची धारिता थोडी अधिक असते, पण सात मीटरला ती आड येत नाही. आपली केबल भिंतीतील वायरिंगला लागून जाणार असेल तर स्टार-क्वाड घ्या. तसे नसेल तर चांगली दोन तारांची माइक केबल पुरेशी आहे. कॅनारे, मोगामी आणि बेल्डन यांच्या केबल स्टुडिओंमध्ये जगभर वापरल्या जातात आणि त्या मीटरवर मिळतात. टोकांच्या एक्सएलआर पिना न्यूट्रिकच्या घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सर्व मिळते. मी स्वतः पिनांसाठी पैसे वाचवत नाही, कारण माझ्या कामात केबल बिघडते ती बहुधा पिनेपाशी, डाख सुटून किंवा तार तुटून.

घेण्यापूर्वी एक तपासणी करावी. मागे एक्सएलआर आहे म्हणून आतील मंडल बॅलन्स्ड असेलच असे नाही. काही यंत्रांत पिन ३ आत नुसतीच जमिनीला जोडलेली असते. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत कॉमन-मोड रिजेक्शनचा, म्हणजे दोन्ही तारांवर सारखे आलेले घुमणे यंत्र किती कमी करते याचा, आकडा दिलेला असेल तर तो पाहा. दुसरे म्हणजे, पिन १ यंत्राच्या धातूच्या पेटीला थेट जोडलेली असावी. ती आतल्या सर्किट बोर्डाच्या जमिनीला जोडली असेल, तर जाळीतील प्रवाह मंडलात शिरतो आणि बॅलन्स्ड केबल लावूनही घुमणे राहते. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये हा दोष सविस्तर मांडला आणि तेव्हापासून ध्वनिअभियंते त्याला पिन-एकचा दोष म्हणूनच ओळखतात.

एक मात्र मला उलगडले नाही. पावसाळ्यात घुमणे उतरते, ही गोष्ट केबलच्या हिशेबात बसत नाही. आपल्या दोन्ही बोर्डांचे अर्थिंग एकच आहे की वेगवेगळे, हे कृपया पाहून सांगावे.

उत्तर
गोदाकाठ, नांदेड

माझा अनुभव थोडक्यात सांगतो, कारण मी ती महाग केबल घेऊन बसलो आहे. दुकानात आरसीए आणि बॅलन्स्ड अशा दोन्ही जोडण्या ऐकवल्या गेल्या आणि बॅलन्स्ड जोडणीत गाणे अधिक भरदार व मोकळे वाटले, म्हणून मी ती घेतली. घरी आल्यावर लक्षात आले की माझ्या सीडी प्लेअरच्या आरसीएवर २ व्होल्ट आणि एक्सएलआरवर ४ व्होल्ट मिळतात, म्हणजे दुसऱ्या जोडणीत आवाज ६ डेसिबलने मोठा होता. आवाज किंचित जरी मोठा असला तरी आपले कान त्याला अधिक चांगला ठरवतात. पुढे मी १०० हर्ट्झचा स्वर वाजवून, स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून दोन्ही जोडण्यांतील व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवले. पुतण्याला कपाटाच्या मागे बसवून, त्याने कोणती केबल लावली आहे ते न सांगता बदलत राहावे असे ठरवले. महाग केबल आणि हैदराबादच्या कोठी भागातील गुजराती गल्लीतून आणलेल्या साध्या माइक केबलपासून मी स्वतः बनवून घेतलेली जोडी, यांतील फरक मला वीस वेळांत एकदाही खात्रीने सांगता आला नाही.

म्हणून विनंती आहे की दुकानातील तुलनेवर निर्णय घेऊ नये. तयार केबल घेतलीच, तर मल्टिमीटरने पिन १ ते १, २ ते २ आणि ३ ते ३ एवढीच जोडणी आहे ना, हे तपासावे. माझ्या एका तयार जोडीत पिन १ आणि ३ आत एकत्र केलेल्या निघाल्या. म्हणजे दिसायला बॅलन्स्ड आणि प्रत्यक्षात आरसीएच.

उत्तर
भूसंपर्क, परभणी

नमस्कार. मी विद्युत अभियंता आहे, ध्वनिशास्त्राचा जाणकार नाही. परंतु या प्रश्नात केबलपेक्षा निकडीची एक गोष्ट मला दिसते आणि ती सुरक्षिततेची आहे.

सरांनी दिलेल्या वारंवारता फार बोलक्या आहेत. यंत्रातील वीजपुरवठ्याचा दोष असता तर १०० हर्ट्झ ठळक दिसले असते, कारण एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर विजेच्या दोन्ही अर्धलहरी वापरतो. येथे ५० आणि तिच्या विषम पटी आहेत. विजेच्या मूळ लहरीतील विकृती बहुधा विषम पटींचीच असते. म्हणजे घरातील उपकरणांतून अर्थिंगमध्ये झिरपणारा प्रवाह केबलच्या जाळीतून वाट काढतो आहे, असा माझा तर्क आहे. त्याला ऋतूची जोड दिली की चित्र पूर्ण होते. नवी बैठक बांधताना तिच्यासाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा घेतला गेला असावा आणि तो जुन्या खड्ड्याशी जोडला गेला नसावा. आपल्या भागात वर काळी माती आणि खाली मुरूम किंवा काळा पाषाण असतो. काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती आटते, भेगाळते आणि खड्ड्यातील पत्र्यापासून किंवा नळीपासून सुटते. कोळसा आणि मीठ घातलेल्या जुन्या खड्ड्याला पाणी मिळाले नाही तर त्याचा रोध काही ओहमवरून शंभर ओहमपर्यंतही जाऊ शकतो. त्याच दिवसांत घरात कूलर सुरू होतो. ओलाव्यात चालणाऱ्या पंपाच्या मोटारीतून काही मिलिअँपिअर प्रवाह अर्थिंगमध्ये झिरपणे ही नित्याची बाब आहे. ५ मिलिअँपिअर आणि १०० ओहम यांचा गुणाकार अर्धा व्होल्ट होतो. आपल्या जुन्या घराचे सबंध अर्थिंग तेवढ्या दाबावर उचलले जाते आणि नव्या खड्ड्याकडे जाण्यासाठी त्या प्रवाहाला सर्वांत सोपी वाट सापडते ती आपल्या आरसीए केबलची जाळी. तारजोड यांनी उदाहरणादाखल धरलेले ५ मिलिअँपिअर अशा रीतीने अगदी वास्तवातले ठरतात.

आता धोका लक्षात घ्या. कूलरमध्ये उद्या खरा दोष निर्माण होऊन वीज त्याच्या पत्र्यावर आली, तर कोरड्या जुन्या खड्ड्यातून पुरेसा प्रवाह जाणार नाही, एमसीबी (जादा प्रवाह वाहताच वीज तोडणारे स्विच) पडणार नाही आणि जुन्या घरातील प्रत्येक धातूच्या पेटीवर, अगदी आपल्या प्रीअँपवरही, घातक दाब येईल. तिसरी पिन काढण्याचा सल्ला या स्थितीत जिवावर बेतणारा आहे. सरांनी ती पिन परत बसवली, हे फार बरे केले.

तपासणी अशी करावी. आरसीए केबल दोन्ही टोकांनी काढून ठेवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून जुन्या बोर्डाच्या अर्थिंगच्या छिद्रापासून नव्या बोर्डाच्या अर्थिंगच्या छिद्रापर्यंत, लांब तार वापरून, दाब मोजा. हे काम परवानाधारक वायरमनच्या उपस्थितीत करावे, ही आग्रहाची विनंती. कूलर बंद असताना आणि सुरू असताना असे दोन आकडे घ्या. ते काही मिलिव्होल्टांच्या वर गेले तर खड्डे वेगळे आहेत हे ठरेल. त्यावर उपाय एकच: दोन्ही खड्डे पुरेशा जाडीच्या तांब्याच्या तारेने किंवा पट्टीने एकमेकांना जोडून सबंध घराचे अर्थिंग एक करावे, जुन्या खड्ड्याची दुरुस्ती करून त्यात नियमित पाणी सोडावे आणि दोन्ही बोर्डांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थिंगकडे झिरपणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारे स्विच) बसवावा. स्टिरिओसाठी म्हणून तिसरा, स्वतंत्र आणि शुद्ध खड्डा घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कृपया मानू नये. त्याने दाबाचा आणखी एक फरक निर्माण होतो आणि धोका वाढतो.

हे झाल्यानंतर बॅलन्स्ड केबल जरूर घ्यावी, पण या क्रमानेच.

प्रश्नकर्त्याचे निवेदन
काळी_एक, अंबाजोगाई

आपणा सर्वांचा ऋणी आहे. सुमारे महिन्याने लिहीत आहे, कारण काम पूर्ण झाल्यावरच लिहावे असे ठरवले होते.

परभणीच्या सरांचा तर्क अक्षरशः खरा निघाला. बैठकीचे बांधकाम चालू असताना गवंड्याने आणि वायरमनने मिळून मागच्या अंगणात दुसरा खड्डा घेतला होता आणि मला त्याचे स्मरणही नव्हते. जुना खड्डा पारिजातकाच्या आळ्याशेजारी आहे. पूर्वी झाडाला पाणी घातले की त्यालाही मिळत असे. टंचाईच्या एका वर्षी झाड गेले आणि तेव्हापासून तो कोरडाच राहिला. दोन अर्थिंगमधील दाब कूलर बंद असताना ०.०९ व्होल्ट आणि सुरू असताना ०.६२ व्होल्ट भरला. परवानाधारक कंत्राटदाराकडून दोन्ही खड्डे जोडून घेतले, जुना खड्डा नव्याने भरून घेतला आणि आरसीसीबी बसवले. बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी कूलर सुरू करताच आरसीसीबी पडला. पाहिले तर पंपाच्या तारेचे आवरण तडकलेले होते. त्या कूलरला नातवंडे दिवसभर हात लावत होती. हे लिहितानाही अंगावर काटा येतो. पंप बदलला आहे.

आता केबलविषयी. एवढे झाल्यावर जुन्याच आरसीए केबलवर घुमणे जवळजवळ ओळखू न येण्याइतके उतरले. तरीही कूलर सुरू असताना, रात्री, स्पीकरपासून हातभर अंतरावर १५० हर्ट्झ जाणवत असे. म्हणून तारजोड यांच्या सांगण्यानुसार स्टार-क्वाड केबल मीटरवर मागवली. ती वायरिंगजवळून जाणार असल्यामुळे दोन तारांची घेतली नाही. लातूरच्या एका ध्वनिव्यवस्थापकांकडून पिना जोडून घेतल्या. पाऊण इंची पाइपातून एक्सएलआर पिन जात नाही, हे त्यांना आधी ठाऊक असल्याने त्यांनी प्रथम केबल भिंतीतून ओढली आणि मग जागेवर बसून डाख दिले. सर्व मिळून खर्च दुकानात सांगितलेल्या रकमेच्या पाचव्या भागाहून कमी आला. काल कूलर सुरू ठेवून यमन ऐकला. मोबाइलवरील स्वरमापकात १५० आणि २५० हर्ट्झजवळ आता काहीही दिसत नाही. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार किती वेळ मागे रेंगाळतो, हे या खोलीत मी प्रथमच ऐकले.

एक शंका उरली आहे. प्रीअँपला एक्सएलआरचे एक रिकामे इनपुट आहे आणि माझ्या कॅसेट डेकला केवळ आरसीए आउटपुट आहे. डेक थोडा दूर, तीन मीटरवर हलवायचा आहे. तयार मिळणारा आरसीए-एक्सएलआर अडॅप्टर लावून साधी केबल वापरावी का?

उत्तर
तारजोड, छत्रपती संभाजीनगर

सर, वाचून फार समाधान वाटले, आणि कूलरचा दोष वेळेवर सापडला याचे अधिक.

अडॅप्टर लावू नका. त्यात पिन ३ आणि पिन १ प्रीअँपपाशीच एकत्र होतात, त्यामुळे जाळीतील दाबाचा फरक पुन्हा संकेतात मिसळतो. त्याऐवजी तशीच स्टार-क्वाड केबल वापरून जोडी बनवून घ्या. आरसीएची मधली पिन एक्सएलआरच्या पिन २ ला जोडावी, आरसीएचे बाहेरचे कडे स्वतंत्र तारेने पिन ३ ला जोडावे आणि जाळी एका टोकाला पिन १ ला व दुसऱ्या टोकाला आरसीएच्या त्याच कड्याला जोडावी. स्टार-क्वाडमध्ये समोरासमोरच्या, एकाच रंगाच्या दोन तारा एकत्र करून एक संकेततार धरायची, हे डाख देणाऱ्यांना आठवणीने सांगावे. अशा जोडणीत डेक बॅलन्स्ड नसला तरी प्रीअँपचे इनपुट कड्याचा आणि मधल्या पिनेचा फरक डेकपाशीच मोजते आणि तीन मीटरमधील घुमणे बहुतांश बाहेर राहते. डेक आणि प्रीअँप यांची वीज मात्र एकाच बोर्डावरून घ्यावी.